पाणी तापते, पण उसळत नाही

नागपूरच्या माणसाला उष्णतेचे अप्रूप वाटावे असे प्रसंग फारसे येत नाहीत. वैशाख लागला की सीताबर्डीचे रस्ते दुपारी ओस पडतात, वाळ्याच्या ताट्या आणि कूलर यांच्या आधाराने घरे कसाबसा तग धरतात, आणि पारा ४५ अंशांपलीकडे गेल्याची बातमी दुसऱ्या दिवशी वाचताना कोणाच्या कपाळावर आठीदेखील उमटत नाही. अशा दुपारी कोणी आपल्याला ऊन पाण्याच्या कुंडापाशी नेऊन उभे केले, तर त्या पाण्यापेक्षा भोवतालची हवाच अधिक तप्त असल्याचे ध्यानात येऊन कदाचित हसू येईल. कारण मनुष्यदेहाला स्नानासाठी जे ऊन पाणी सोसवते ते चाळीस-बेचाळीस अंशांच्या फारसे पुढचे नसते. म्हणूनच कोणत्या झऱ्याला उष्ण म्हणावे हे ठरवताना भूवैज्ञानिक त्या दिवसाच्या हवेकडे पाहत नाहीत. त्या ठिकाणच्या वर्षभराच्या सरासरी तापमानाशी ते पाण्याची तुलना करतात. नागपूर परिसराची ही सरासरी २७ अंशांच्या आसपास आहे, आणि जमिनीखाली काही हात गेल्यावर उन्हाळा-हिवाळ्याचा भेद लोपून मातीही याच सुमाराच्या तापमानावर स्थिरावते. या पातळीपेक्षा लक्षणीय अधिक ऊन पाणी जेथे बारमाही आपण होऊन वर येते, तेथे खालच्या खडकांत काहीतरी विशेष रचना आहे असे समजावे. असे पाणी पाहायचे तर पौष-माघातली थंडी निवडावी. वाफ डोळ्यांना दिसते आणि पाण्याचे ऊनपण हाताला पटते.

नागपूरहून एका दिवसात जाऊन येण्याजोगे असे स्थान म्हणजे सालबर्डी. काटोल, वरूड, मोर्शी या मार्गाने जाताना दुतर्फा संत्र्यांच्या बागा लागतात, आणि मोर्शीवरून उत्तरेस वळले की थोड्याच वेळात सातपुड्याची दक्षिण भिंत समोर उभी राहते. गाव मारू नदीच्या काठी वसलेले आहे, आणि त्याची वाटणी मोठी चमत्कारिक आहे: काही वस्ती अमरावती जिल्ह्यात, काही मध्य प्रदेशातील बैतूल जिल्ह्यात. पूर्वी वऱ्हाड आणि मध्यप्रांत यांची सरहद्द येथूनच जात असे, त्यामुळे एकाच गावाची दप्तरे दोन कचेऱ्यांत ठेवण्याचा परिपाठ जुनाच म्हणायचा. डोंगरात महादेवाची गुहा आहे आणि महाशिवरात्रीला तेथे मोठी यात्रा भरते. महानुभाव पंथाला हे स्थान पूज्य आहे, कारण श्रीचक्रधरांनी या डोंगरात तपश्चर्या केल्याची परंपरा आहे. परंतु भाविकांप्रमाणेच भूवैज्ञानिकांनाही सालबर्डीचे आकर्षण वाटत आले आहे. दख्खनच्या काळ्या पाषाणाच्या विस्तीर्ण आवरणात येथे एक खिडकी उघडल्यासारखी जागा आहे, आणि आवरणाखालचे अतिप्राचीन ग्रॅनाइटी खडक, त्यांवरचे गोंडवन काळातील वालुकाश्म, त्याहून वरचे लामेटा थर व सर्वांत वर लाव्हा अशी अवघी वंशावळ चालता चालता वाचता येते. लामेटा थरांत महाकाय सरीसृपांची हाडेही सापडलेली आहेत. ऊन पाणी उगवते ते याच खिडकीत, आणि हा योगायोग नाही.

मागे एका हिवाळ्यात अमेरिकेहून नातवंडे आली असताना आम्ही सारे कुटुंब घेऊन तेथे गेलो. या मुलांनी आदल्या उन्हाळ्यात यलोस्टोन राष्ट्रीय उद्यान पाहिलेले होते, आणि ऊन पाण्याचे झरे म्हटल्याबरोबर त्यांच्या मनात जे चित्र उभे राहिले होते ते दहा मजली इमारतीएवढ्या उंचीच्या शुभ्र फवाऱ्याचे होते. कुंडापाशी आल्यावर धाकटी काही वेळ टक लावून पाहत राहिली आणि मग निराशेने म्हणाली, "आजोबा, हे उडत का नाही?" तिच्या आजीने तिला जवळ घेऊन या भागातील बहुतेक कुंडांविषयी सांगतात तीच कथा सांगितली, की ऋषींची व्याधी दूर करण्याकरिता रामचंद्रांनी बाण मारून हे पाणी काढले. आमच्या जावईबापूंनी शाळेतले भूगोलाचे पुस्तक आठवून खाली ज्वालामुखी असल्याचा निर्वाळा दिला. काठावर बसलेल्या एका वृद्ध गृहस्थांचे मत निराळेच होते. "खाली गंधक हाये ना बाप्पा," ते म्हणाले, "ते जयते, म्हून पानी तपते."

पुराणकथेचा प्रांत वेगळा, तिची उलटतपासणी करण्याचे प्रयोजन नाही. उरलेली दोन उत्तरे मात्र तपासून पाहण्याजोगी आहेत, कारण महाराष्ट्रातल्या कोणत्याही कुंडावर गेलात तरी हीच दोन उत्तरे मिळतात, आणि सुशिक्षितांकडून ज्वालामुखीचे मिळते एवढाच काय तो फरक. गंधक जळण्यास प्राणवायू लागतो, आणि तो खडकांच्या पोटात अखंड पुरवील असा भाता कोठेही नाही. काही झऱ्यांना येणारा दर्प हा पाण्यातील अल्पशा हायड्रोजन सल्फाइड वायूचा असतो, आणि तो ऊन पाण्याचा परिणाम होय, कारण नव्हे. ज्वालामुखीचे उत्तर अधिक मोहक आहे, कारण पुरावा डोळ्यांसमोर असतो: ज्या काळ्या खडकावर आपण उभे असतो तो एके काळी वितळलेला होता. प्रश्न आहे तो कालगणनेचा. दख्खनचा लाव्हा सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी वाहिला. खडक उष्णतेचे मंद वाहक असले तरी एक किलोमीटर जाडीचा तप्त थर निवण्यास काही दशसहस्र वर्षे पुरतात असे गणित सांगते, आणि जाडी दुप्पट धरली तर हा काळ चौपट होतो. हिशेब कितीही सढळ हाताने मांडला तरी तो काही लक्ष वर्षांपलीकडे जात नाही. मग सहा कोटी वर्षांनंतर त्या लाव्ह्यात आपले पाणी तापविण्यापुरती धग कोठून उरणार? सह्याद्री आणि सातपुडा हे कधीच थंड झालेले पर्वत आहेत.

मग पाणी तापविते कोण? उत्तर इतके साधे आहे, की ते ऐकून कित्येकांचा विरस होतो. पृथ्वीचे पोट सर्वत्रच ऊन आहे. तिच्या जन्मकाळची काही उष्णता अद्याप शिल्लक आहे, आणि युरेनियम, थोरियम व पोटॅशियम यांचे किरणोत्सारी अणू खडकांमध्ये सावकाश विघटित होत असल्याने तिच्यात अहोरात्र भर पडते. ग्रॅनाइटी खडकांत या द्रव्यांचे प्रमाण अधिक असते. परिणामी जमिनीत खाली जावे तसे दर किलोमीटरला तापमान साधारण २५ ते ३० अंशांनी चढत जाते. कर्नाटकातील कोलारच्या सुवर्णखाणी तीन किलोमीटरांहून खोल गेल्या होत्या, आणि तळाशी खडक ६० अंशांपेक्षाही अधिक तप्त असल्यामुळे वरून थंड हवा सोडल्यावाचून तेथे काम करणे अशक्य असे. इतक्या दूरही जावयास नको. वरूड-मोर्शीच्या संत्रापट्ट्यात भूजलाचा उपसा वर्षानुवर्षे इतका झाला आहे की शासनाच्या पाहणीत हे तालुके अतिशोषित ठरले, आणि विहिरी आटल्यावर बागा जगविण्यासाठी शेतकऱ्यांनी हजार फुटांपर्यंत बोअर मारले. हजार फूट म्हणजे तीनशे मीटर. वरच्या दराने तेथील खडक पृष्ठभागापेक्षा आठ-नऊ अंशांनी ऊन असणार, म्हणजे ३५-३६ अंशांवर. खोल बोअरचे पाणी भर थंडीत कोमट येते ही गोष्ट बागाईतदाराला नवी नाही. त्याच्या पंपातून येते ती पृथ्वीचीच उष्णता, कुंडात येते तीच. फरक इतकाच, की कुंडात पाणी वर आणण्यासाठी वीजबिल भरावे लागत नाही.

हे बिनखर्ची उत्थापन कसे घडते ते पाहू. सातपुड्याच्या दक्षिण पायथ्याने गाविलगड भ्रंश नावाची एक प्रदीर्घ भेग जाते. तिच्या उत्तरेचा भाग उचलला गेला आणि दक्षिणेचा खचला, म्हणून एका बाजूस मेळघाटचे डोंगर आणि दुसऱ्या बाजूस पूर्णेचे सपाट खोरे असा विरोध तयार झाला. याच उचल-खचीत सालबर्डीपाशी लाव्ह्याखालचे जुने खडक उघडे पडले आहेत. डोंगरावर पडलेल्या पावसाचा काही अंश फटींमधून खाली झिरपत जातो, वाटेतील खडकांची उष्णता घेत घेत खोलवर पोचतो, आणि तापल्याने हलका झालेला हा प्रवाह, डोंगरावरील पाण्याच्या दाबाने पाठीमागून रेटला जात असल्यामुळे, भ्रंशाच्या भगदाडातून पुन्हा वर चढतो. ऊन झऱ्यांचे पाणी पावसाचेच असते ही केवळ कल्पना नाही. पाण्यातील जड हायड्रोजन आणि जड ऑक्सिजन यांचे प्रमाण मोजले असता ते पावसाच्या पाण्याशी जुळते, आणि भारतातील अनेक झऱ्यांवर अशी परीक्षणे झालेली आहेत. या प्रवासाला काही दशकांपासून हजारो वर्षांपर्यंत कितीही काळ लागू शकतो. प्रवास किती खोल झाला याचा किमान अंदाज घरी बसूनही करता येतो. कुंडाचे पाणी ४२ अंशांचे असेल तर सरासरी २७ वजा जाता १५ अंश उरतात, म्हणजे निदान अर्धा किलोमीटर. कोकणात दापोलीजवळील उन्हवऱ्याचे पाणी सत्तरीच्या घरात आहे, त्यास दीड किलोमीटर तरी धरावे लागेल. वर येताना पाणी काहीसे निवते आणि उथळ थंड पाण्यात मिसळते, हे ध्यानात घेता खरी खोली याहून बरीच अधिक असणार. ती ठरविण्यासाठी रसायनज्ञ पाण्यात विरघळलेल्या सिलिकेचे प्रमाण मोजतात. पाणी जितके तप्त तितकी गारगोटी अधिक विरघळते, आणि पाणी झपाट्याने वर आले तर ती सारी वाटेत टाकून देण्यास त्याला अवसर मिळत नाही. म्हणून कुंडातल्या कोमट पाण्याच्या एका बाटलीवरून ते खाली किती तापले होते याचा माग काढता येतो.

नकाशावर या स्थानांच्या खुणा केल्या तर एक रेघ आपोआप उमटू लागते. पश्चिमेस जळगाव जिल्ह्यात सातपुड्याच्या पायथ्याशी अडावदजवळचे उनपदेव, मध्ये सालबर्डी, पुढे पचमढी-पिपरियाच्या मुलखातील अनहोनी, आणि दूर पूर्वेस छत्तीसगडातील बलरामपूर जिल्ह्यातील तातापानी. नर्मदा, तापी आणि शोण या नद्या ज्या प्राचीन दुबळ्या पट्ट्याने वाहतात तोच हा पट्टा. द्वीपकल्पाचे उत्तर व दक्षिण असे दोन खंड फार पूर्वी येथे सांधले गेले, आणि तो सांधा आजही पुरता निवांत नाही. १४ मार्च १९३८ रोजी सातपुड्यात मोठा भूकंप झाला. २२ मे १९९७ च्या पहाटेपूर्वी जबलपूरला ५.८ तीव्रतेचा धक्का बसला आणि त्याने नागपुरातलेही लोक झोपेतून जागे झाले. ज्या भेगांच्या हालचालींनी घरे हादरतात त्याच भेगा पाण्याच्या वाटा मोकळ्या ठेवतात. एरवी खनिजांच्या पुटांनी त्या कधीच बुजून गेल्या असत्या. भारतातल्या अशा झऱ्यांची शास्त्रशुद्ध यादी भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याचे पहिले प्रमुख टॉमस ओल्डहॅम यांनी केली. ती त्यांच्या निधनानंतर १८८२ मध्ये त्यांच्या मुलाने प्रसिद्ध केली, आणि तीत सुमारे तीनशे स्थळांची नोंद आहे. पुढे १९६० नंतरच्या दशकात केंद्र सरकारने या झऱ्यांसाठी खास समिती नेमली. सर्वेक्षण खात्याची मध्य विभागाची कचेरी नागपुरातच, सेमिनरी हिल्सवर आहे.

आता त्या मुलीचा प्रश्न. पाणी तापते, वर येते, बारमाही वाहते. मग उडत का नाही?

पहिले कारण उघड आहे: ते पुरेसे तापलेले नाही. परंतु एवढ्याने भागत नाही, कारण जगात उकळत्या पाण्याचे हजारो झरे आहेत आणि त्यांतले फारच थोडे उसळतात. या कोड्याचा उलगडा जर्मन रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट बुन्सेन यांनी केला. हेक्ला ज्वालामुखीच्या उद्रेकानंतर १८४६ मध्ये ते आइसलँडला गेले आणि तेथील विख्यात गायझराच्या, म्हणजे उसळत्या झऱ्याच्या, नळीत निरनिराळ्या खोलींवर त्यांनी तापमापक सोडले. पाणी शंभर अंशांवर उकळते हा नियम पृष्ठभागापुरता आहे. दहा मीटर खाली वरच्या पाण्याच्या भाराने दाब दुप्पट होतो आणि तेथे उकळण्यास सुमारे १२० अंश लागतात. नळीच्या मध्यावरचे पाणी शंभर अंशांच्या वर असूनही उकळत नव्हते, पण त्या खोलीच्या उत्कलनबिंदूच्या अगदी उंबरठ्याशी होते. घरातल्या कुकरमध्ये हेच घडते: झाकण घट्ट आहे तोवर आतले पाणी शंभराच्या पुढे जाऊनही निमूट राहते, आणि दाब एकदम सोडला की क्षणात फसफसून वर येते. नळीच्या तळाशी वाफेचे काही बुडबुडे निर्माण झाले की ते वरचे थोडे पाणी काठाबाहेर ढकलतात. तेवढ्याने स्तंभाचा भार हलका होतो, दाब घटतो, आणि उंबरठ्यावर थांबलेले सारे पाणी एकाच वेळी वाफ होऊन वर झेपावते. मग नळी रिकामी होते, भोवतालचे पाणी पुन्हा भरू लागते, आणि हाच क्रम नव्याने चालू होतो. बुन्सेन यांच्या उपपत्तीत पुढील संशोधकांनी भर घातली, विशेषतः नळीच्या बाजूला दडलेल्या पोकळ्यांत वाफ कोंडून राहते हे दाखवून. पण मूळ गाभा तोच राहिला.

यासाठी तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात: उथळ आणि तीव्र उष्णता, भरपूर पाणी, आणि अरुंद गळ्याची, दाब सहन करणारी, न गळणारी नळी. पहिल्या दोन अनेक ठिकाणी मिळतात, तिसरी दुर्मीळ. यलोस्टोनला ती मिळाली याचे श्रेय तेथील रायोलाइट खडकाला आहे. तो सिलिकेने समृद्ध असतो. तप्त पाणी ती सिलिका विरघळवून आणते आणि नळीच्या भिंतींना तिचा कठीण लेप देत जाते. तेथील ज्वालामुखीचा शेवटचा महास्फोट सुमारे ६ लाख ४० हजार वर्षांपूर्वीचा, म्हणजे दख्खनच्या तुलनेत कालपरवाचा, आणि काही किलोमीटर खाली अंशतः वितळलेला खडक आजही आहे. त्यामुळे पाचशेहून अधिक गायझर, म्हणजे जगातल्या एकूण गायझरांपैकी जवळजवळ निम्मे, त्या एकाच उद्यानात आहेत. १ मार्च १८७२ रोजी राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांच्या स्वाक्षरीने जगातील हे पहिले राष्ट्रीय उद्यान अस्तित्वात आले, त्यामागे या चमत्कारांचीच प्रेरणा होती. १८७० मधील वॉशबर्न मोहिमेने ज्याचे नामकरण केले तो 'ओल्ड फेथफुल' अलीकडे साधारण दीड तासाच्या अंतराने उसळतो आणि तीस ते पंचावन्न मीटरपर्यंत चढतो. त्याच्या वक्तशीरपणाची ख्याती मात्र थोडी अतिरंजित आहे. मागचा उद्रेक किती वेळ चालला यावर पुढची प्रतीक्षा अवलंबून असते, दीर्घ उद्रेकानंतर दीर्घ आणि अल्प उद्रेकानंतर अल्प, आणि वनरक्षक घड्याळ लावून बसतात ते या नियमाच्या भरवशावर.

भारतात त्याच्या तोडीचा गायझर नाही. लडाखमधील पुगा खोऱ्यात, सुमारे ४४०० मीटर उंचीवर, ८४ अंशांवरच पाणी उकळते आणि तितके तप्त झरे तेथे आहेत. हिमाचलातील मणिकर्णच्या उकळत्या कुंडांत गुरुद्वाऱ्याचा भात शिजतो. हिमालयाची उत्पत्ती अलीकडची, म्हणून तेथील उष्णता तीव्र. द्वीपकल्पातील झऱ्यांत तातापानीचे सर्वांत प्रखर. तेथे सर्वेक्षण खात्याने घेतलेल्या बोअरांतून शंभर अंशांच्या आसपासचे पाणी आपण होऊन वर आले. त्यावर वीज करण्याच्या योजना बरीच वर्षे कागदावर आहेत. पुग्यासाठी ओएनजीसीने २०२१ मध्ये करार केला.

तेव्हा सालबर्डीच्या कुंडाकडून फवाऱ्याची अपेक्षा करणे हे त्याच्यावर अन्यायकारक आहे. पण मुलांना घेऊन जाल तर नुसते पाय बुडवून परतू नका. एक साधा तापमापक बरोबर न्यावा, ज्वराचा मात्र नको, कारण तो ४२ अंशांवर संपतो. पाणी उगवते त्या मुखाशी, कुंडाच्या मध्यभागी आणि बाहेर वाहून जाणाऱ्या पाटात काही अंतरावर मोजणी करून वहीत मांडली, की पाणी किती लवकर निवते हे कोणीही न सांगता कळते. आमच्या मुलांनी हा उद्योग मोठ्या गांभीर्याने केला, आणि उडण्याचा प्रश्न त्या नादात मागे पडला. अनेक कुंडांच्या तळातून बुडबुडे येताना दिसतात व बघणारे त्यास उकळी समजतात. चाळीस अंशांवर उकळी कसली? तो वायू बहुधा नायट्रोजन, पावसाच्या पाण्यात विरघळून खाली गेलेल्या हवेचाच अंश, कधी त्यात खडकांतून आलेला किंचित हेलियम.

काठावरची शेवाळी, हिरवट-पिवळसर साय पाहून नाक मुरडू नये. प्रकाशावर जगणारे सूक्ष्मजीव ७३ अंशांपर्यंत तग धरतात, आणि पाणी जसजसे निवत जाते तसतशी निरनिराळ्या रंगांची त्यांची वस्ती बदलते. यलोस्टोनमधील 'ग्रँड प्रिझ्मॅटिक' या शंभर मीटरहून रुंद कुंडाभोवतीची नारिंगी-पिवळी वलये याच कारणाने निर्माण होतात. त्याच उद्यानातील 'मशरूम स्प्रिंग' या झऱ्यात सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ टॉमस ब्रॉक यांना १९६६ मध्ये अशाच तप्त पाण्यात राहणारा एक जिवाणू आढळला आणि १९६९ मध्ये त्यांनी त्याचे 'थर्मस अ‍ॅक्वॅटिकस' हे नाव जाहीर केले. त्यावेळी या शोधाचा कोणाला काही उपयोग सुचला नव्हता. परंतु त्या जिवाणूचा उष्णतेला न बधणारा एक वितंचक पुढे डीएनएच्या प्रती काढण्याच्या कॅरी मलिस यांच्या पीसीआर पद्धतीचा आधार ठरला, १९९३ मध्ये मलिस यांना नोबेल पारितोषिक मिळाले, आणि कोरोनाच्या साथीत प्रत्येक घरात उच्चारली गेलेली आरटी-पीसीआर चाचणी याच पद्धतीची शाखा. नागपूरच्या नीरी या संस्थेने २०२१ मध्ये मिठाच्या पाण्याच्या गुळण्यांतून नमुना घेण्याची जी सुलभ रीत काढली, तिचा शेवटचा टप्पाही आरटी-पीसीआरच होता. ज्या पाण्यात बोट घालता येत नाही त्यात कोणी जगत असेल काय, या निव्वळ कुतूहलाला लागलेले हे फळ! संशोधनाच्या अनुदानांवर सह्या करणाऱ्या अधिकाऱ्यांनी ते स्मरणात ठेवावे.

स्नानाविषयी एकदोन सूचना. कुंडस्नानाने त्वचारोग बरे होतात अशी श्रद्धा सर्वत्र आहे. ऊन पाण्याने सांधे मोकळे होतात आणि खनिजांनी काही त्वचाविकारांना आराम पडतो हे खरे, पण वैद्याचा सल्ला सोडून कुंडावर विसंबू नये. हृदयविकार किंवा रक्तदाबाचा त्रास असलेल्यांनी फार वेळ बसू नये. लहान मुलांना बुडी मारू देऊ नये, नाकात पाणी जाऊ देऊ नये. कोमट गोड्या पाण्यात वाढणारा एक अमीबा क्वचित नाकावाटे मेंदूपर्यंत पोचतो आणि मग उपाय बहुधा चालत नाही. यलोस्टोनमध्ये धोका निराळा: फळ्यांच्या वाटेवरून उतरून तप्त कुंडात पडल्याने आजवर वीसहून अधिक माणसे प्राणास मुकली आहेत.

झऱ्यांना मात्र माणसांपासून अधिक भय आहे. यलोस्टोनमधील 'मॉर्निंग ग्लोरी' हे गडद निळे कुंड प्रेक्षकांनी फेकलेली नाणी आणि कचरा तळाच्या वाटांत अडकल्याने निवू लागले, आणि निवल्याबरोबर काठचे जिवाणू आत सरकून त्याचा निळेपणा हिरव्या-पिवळ्यात बुडाला. न्यूझीलंडमध्ये वैराकेई येथे १९५८ मध्ये भूऔष्णिक वीजकेंद्र सुरू झाले, खालचा दाब उतरला, आणि शेजारच्या खोऱ्यातले गायझर एकामागून एक मूक झाले. आपल्याकडे नाणी, नारळ आणि निर्माल्य आहेच. शिवाय कुंडाला चहूबाजूंनी सिमेंट लावून फरशा बसविल्या की विकास झाला असे समजणारी दृष्टी आहे. मुखाभोवती घट्ट बांधकाम केले की पाण्याला दुसरी वाट शोधावी लागते आणि कित्येकदा ती सापडत नाही. साबणाचा फेस कुंडाबाहेर वाहून जातो असे म्हणणाऱ्यांनी पाटाच्या काठावर त्या हिरव्या सायीचे काय होते ते एकदा पाहावे. वरूड-मोर्शीच्या बोअरांमुळे भ्रंशावरच्या पाण्याचा दाब किती बदलतो, हा प्रश्न बागाईतदार आणि भूजल खाते यांनी एकत्र बसून मांडण्याजोगा आहे.

सालबर्डीला जायचे तर महाशिवरात्रीचे दिवस टाळावेत. गर्दीत खडक दिसत नाहीत. पहाटे लवकर निघाल्यास सकाळच्या गारव्यात कुंडाशी पोचता येते, दुपारी नदीच्या पात्रात उतरून वालुकाश्म आणि लाव्हा यांचा सांधा पाहता येतो, आणि परतीच्या वाटेवर वरूडला संत्री घेता येतात. ज्यांना मुक्काम करण्याची सवड आहे त्यांनी दुसऱ्या खेपेस दक्षिणेचा रस्ता धरावा: यवतमाळ, पैनगंगेपलीकडे माहूर, आणि नांदेड जिल्ह्याच्या किनवट तालुक्यातील उनकेश्वर. तेथील झराही भ्रंशावरचाच आहे, पण तो गोदावरी खोऱ्याच्या उष्ण पट्ट्यात मोडतो, आणि त्याची वंशावळ सातपुड्याशी जुळत नाही.